पन्नास मिनिटांचं माहेर

माझ्या बायकोचं माहेर आमच्या घरापासून पन्नास मिनिटांवर आहे, हे वाक्य मी एका रविवारी जेवण झाल्यावर, खुर्चीत रेलून, अगदी सहज बोललो. पुढे जे काही घडलं त्याला हे एकच वाक्य जबाबदार आहे असं बायकोचं म्हणणं आहे. मी एवढंच म्हणेन की वाक्य चुकीचं नव्हतं. दोन विमानतळांमधलं अंतर दोनशे नव्वद किलोमीटर, विमानाला लागणारा वेळ पन्नास मिनिटं. यात माझ्या पदरचं काही नाही. शाळेच्या जुन्या नकाशावर मी स्वतः पट्टी ठेवून मोजलं होतं, आणि पाणीपुरवठा कार्यालयाच्या मीटर विभागात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला मोजमाप कोणी शिकवू नये.

विषय निघाला होता सासऱ्यांच्या डोळ्याचा. त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं, गुरुवारी दुपारी बारा वाजता. मोतीबिंदू म्हणजे हल्ली काही विशेष नाही, लोक सकाळी करून संध्याकाळी भाजी आणायला जातात. पण सासरे पडले ड्रिल मास्तर. त्यांच्या शिट्टीवर अख्खी शाळा ताठ उभी राहायची. असा माणूस फोनवर बायकोला इतकंच म्हणाला, "मोठे, तू आल्याशिवाय मी आत जाणार नाही." आणि फोन ठेवला. बायको बराच वेळ फोन हातात धरून बसली. बाबांनी आजवर तिला कधी कशासाठी बोलावल्याचं तिला आठवत नव्हतं.

आमच्या समोर बसले होते साडू. साडूंचं फरशांचं दुकान आहे, नवी गाडी आहे आणि गाडीत बसणाऱ्याला तिची माहिती सांगण्याची त्यांना हौस आहे. ते म्हणाले, "त्यात काय, साडूभाऊ! माझ्या गाडीतून चला चौघं. पहाटे पाचला निघायचं, साडेअकराला बाबांच्या समोर उभे."

मागच्या खेपेला मी त्या गाडीत साडेसहा तास बसलो होतो. घाट चढताना इंजिन काय विचार करतं हे साडूंनी मला सविस्तर सांगितलं होतं. म्हणून मी ते वाक्य बोललो.

"पन्नास मिनिटं?" साडू म्हणाले. "आणि घरून विमानतळावर जायला?"

"ते वेगळं."

"तिथे जाऊन बसायला लागतं ते?"

"तेही वेगळं."

"उतरल्यावर गावात जायला?"

"अहो, ते तर वेगळंच आहे."

"मग त्या पन्नास मिनिटांत तुम्ही नक्की करणार काय?"

मेहुणी हसली. माझी बायकोही हसली. बायकोचं हसणं मला लागलं, आणि त्याच संध्याकाळी मी विमानाची दोन तिकिटं काढली.

ही बातमी आमच्या इमारतीत पसरायला वेळ लागला नाही, कारण ती मीच पसरवली. वरच्या मजल्यावरचे कॅप्टन तातडीने खाली आले. कॅप्टन हे काही कॅप्टन नव्हेत. ते विमा कचेरीतून निवृत्त झाले आहेत. मुलाने एकदा त्यांना विमानाने बोलावून घेतलं, तेव्हापासून त्यांच्या पिशवीला विमान कंपनीचा कागदी पट्टा लटकतो आहे, आणि ती पिशवी घेऊन ते दूध आणायला जातात. त्यांनी मला समोर बसवून प्रश्न विचारला, "सामान खाली देणार की वर नेणार?"

मी म्हणालो, "ठरवलं नाही."

"खाली देऊ नका. चुकूनही देऊ नका. उतरल्यावर त्या फिरत्या पट्ट्याजवळ अर्धा तास उभं राहावं लागतं. आपलं सोडून सगळ्यांचं येतं. एकच बॅग, ती हातात, आणि सरळ बाहेर. तुमची पन्नास मिनिटं मग खरोखर पन्नासच राहतील."

सल्ला मला पटला. शिवाय कॅप्टननी कानात घालायला कापूस दिला, ढिले मोजे घालायला सांगितलं, आणि पंखाच्या बाजूला बसू नये असंही सांगितलं. पंख दोन्ही बाजूंना असतो हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं तेव्हा ते म्हणाले, "तोच तर प्रश्न आहे."

अडचण होती ती दिव्याची. बाबांना ऑपरेशननंतर वाचायला बरा पडेल म्हणून बायकोने टेबलावरचा दिवा घ्यायचं ठरवलं होतं. तो मी आणला. दुकानदाराकडे हलके दिवेही होते, पण एकाचं बूड ओतीव लोखंडाचं होतं. दुकानदाराने तो टेबलावर ठेवून टेबल हलवलं. टेबल हललं, दिवा नाही. "पडायचा म्हणून नाही," तो म्हणाला. असा दिवा पाहिल्यावर मला दुसरा आवडेना. हातातल्या बॅगेत दिवा, बायकोच्या दोन साड्या आणि माझा एक शर्ट गेला. बॅग उचलली तेव्हा माझा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आला, पण मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

गुरुवारी आम्ही वेळेच्या बरेच आधी विमानतळावर पोचलो. साडू पाचला निघाले होते. आमचं विमान आठचं होतं. दारावरच्या शिपायाने बायकोचं ओळखपत्र पाहिलं, तिकीट पाहिलं, पुन्हा ओळखपत्र पाहिलं, आणि मला विचारलं, "या कोण?"

"माझी बायको."

"मग ही तिकिटावरची कोण?"

तिकीट मी घाईत काढलं होतं. नाव विचारलं तिथे हाताला सवय होती ते नाव टाकलं. म्हणजे घरात हाक मारतो ते. ते दोन अक्षरी नाव आमच्या घराबाहेर आजवर कोणी ऐकलेलं नव्हतं. शिपायाने ते मोठ्याने वाचलं. मागे रांगेत उभ्या असलेल्या एका मुलीने ते पुन्हा म्हणून पाहिलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. ती छताकडे पाहत होती.

आम्हाला एका खिडकीवर पाठवलं. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "नावात बदल होत नाही."

"बदल नकोय, चूक झालीय, ती दुरुस्त करा."

"दुरुस्ती होते. पण तीन अक्षरांपर्यंत. त्यापुढे तो बदल धरतात." त्यांनी पेन्सिलीने घरचं नाव आणि कागदावरचं नाव एकाखाली एक लिहिलं. "दोन्हींत एकसुद्धा अक्षर सारखं नाही हो. अशी हाक का मारता?"

याचं उत्तर द्यायचं तर लग्नाच्या पहिल्या वर्षात जावं लागलं असतं. मी म्हणालो, "साहेबांना बोलवा."

साहेब आले. त्यांनीही अक्षरं मोजली. नियम वाचून दाखवला. मी त्यांना नियमाचा हेतू समजावून सांगू लागलो, आणि आमच्या कार्यालयात मीटरवरच्या नावाचा घोळ आम्ही किती सहज निस्तरतो याचं उदाहरण दिलं, जे खरं नव्हतं. साहेब "नाही" म्हणत राहिले. शेवटी बायको पुढे झाली.

"साहेब," ती शांतपणे म्हणाली, "तुम्हाला घरी काय म्हणतात?"

साहेबांनी खिडकीतल्या बाईंकडे पाहिलं. बाई एकदम कागद चाळू लागल्या. साहेबांचे कान लाल झाले.

"दुरुस्ती करून द्या," ते म्हणाले, आणि आत गेले.

तपासणीच्या जागी बॅग यंत्रातून गेली आणि तिथेच थांबली. शिपाई पडद्याकडे वाकून बघू लागला. त्याने दुसऱ्याला बोलावलं. दुसऱ्याने तिसऱ्याला.

"हे काय आहे?"

"दिवा."

"एवढा जड?"

"पडू नये म्हणून."

त्यांनी दिवा बाहेर काढला, उलटा केला, हातात तोलून पाहिला. तिघांनीही तोलला. "लावून दाखवा," एक म्हणाला. जवळपास जागा नव्हती वायर खुपसायला. मग त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचं ठरवलं, पण साड्या पुन्हा बॅगेत बसेनात. माझा शर्ट मी अंगातल्या शर्टावरच चढवला.

एवढं करून धावतपळत विमानात पोचलो, तर विमान हलेना. आठाचे नऊ झाले, नवाचे साडेनऊ. माझ्या शेजारी खिडकीशी एक बारीक चणीचे गृहस्थ बसले होते. चष्मा, पांढरा शर्ट, आणि दोन्ही हात मांडीवर असे ठेवलेले, जणू ते कोणी त्यांना सांभाळायला दिले आहेत. मला अनोळखी माणसाशी बोलायला संकोच वाटत नाही. मी त्यांना अंतर सांगितलं.

"साडेतीनशेच्या आसपास असेल," ते म्हणाले.

"दोनशे नव्वद."

"विमान सरळ रेषेत जात नाही. मी दर आठवड्याला जातो."

"जाणं वेगळं आणि मोजणं वेगळं," मी म्हणालो. "आमच्याकडेही लोक रोज पाणी वापरतात. किती वापरलं ते मीटर सांगतो."

त्यांनी डोळे मिटले. बायकोने मला कोपराने ढोसलं.

विमान शेवटी उडालं. आणि हे मला मुद्दाम नमूद करायचं आहे: पन्नासाव्या मिनिटाला आम्ही बायकोच्या माहेरावर होतो. बरोबर वर. पंचाईत एवढीच होती की खाली धुकं होतं. वैमानिकाने सांगितलं की जरा घिरट्या घालू. आम्ही घिरट्या घातल्या. एकदा धुक्याला भोक पडलं तेव्हा बायकोने शेजाऱ्यांच्या अंगावरून वाकून खाली पाहिलं आणि ओरडली, "अहो, ती बाबांची शाळा!" शाळा गेली. पुन्हा आली. तिसऱ्या वेळी आली तेव्हा तिने पाहिलं नाही. मग वैमानिक म्हणाला की आपण तिसऱ्याच एका गावी उतरत आहोत, तिथून कंपनीची बस तुम्हाला मुक्कामी पोचवेल.

"बस किती वेळ घेईल?" मी हवाईसुंदरीला विचारलं.

"चार तास, सर."

शेजारच्या गृहस्थांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं.

बसमध्ये आम्हाला जागा मिळाली ती नेमकी त्यांच्या मागे. बॅग मी वरच्या फळीवर चढवली. ती चढवायला मला आणि क्लीनरला मिळून जोर लावावा लागला. फळीला पुढे कठडा नव्हता, पण दिव्याबद्दल दुकानदाराने जे सांगितलं होतं त्यावर माझा भरवसा होता.

बस सुटली तशी बायकोने मेहुणीला फोन लावला. बारा वाजून गेले होते. "बाबांना आत नेलं का गं?" तिने विचारलं आणि डोळे घट्ट मिटून ऐकत राहिली. मग तिने मोठा श्वास सोडला. "नाही नेलं. डॉक्टरच आले नाहीत म्हणे अजून. बाहेरगावाहून येतात ते."

मला हायसं वाटलं. पण हायसं वाटलं की मला बोलायला होतं. मी म्हणालो, "बघ! उगाच आपण जिवाचं रान करतोय. या मोठ्या डॉक्टर लोकांना दुसऱ्याच्या वेळेची किंमतच नसते. म्हातारा माणूस सकाळपासून उपाशी पडलाय, आणि हे निघाले असतील आरामात, खाऊनपिऊन. लवकर निघायला काय झालं होतं?"

पुढच्या आसनावरची मान ताठ झाली. मला वाटलं, बसच्या धक्क्याने.

"हळू बोला हो," बायको म्हणाली.

"का हळू? भेटू दे तो डॉक्टर, तोंडावर सांगतो."

याच वेळी बस एका खड्ड्यात गेली. दिवा टेबलावरून पडत नाही, हे खरं आहे. फळीवरून पडतो. बॅग मधल्या वाटेच्या बाजूने खाली आली आणि पुढच्या गृहस्थांनी आसनाच्या दांड्यावर ठेवलेल्या उजव्या हाताला घासून धाडकन जमिनीवर बसली. ते ओरडले नाहीत. नुसता "हं" असा आवाज केला आणि अंगठा मुठीत धरला.

चूक कोणाची हा वादाचा विषय आहे. पण अशा वेळी आपण गप्प बसलो तर ती आपली ठरते, म्हणून मी आधी बोललो. "अहो, वर एवढं सामान दिसतंय, खाली हात ठेवायचा असतो का? डोळे आहेत ना?"

त्यांनी मागे वळून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "आहेत," ते म्हणाले. मग खिशातून रुमाल काढला आणि डाव्या हाताने, दातांनी एक टोक धरून, अंगठ्याला बांधला. इतका नेटका रुमाल बांधणारा माणूस मी पाहिला नव्हता. बायकोने त्यांची तीनदा माफी मागितली आणि पाण्याची बाटली दिली. ती त्यांनी घेतली. मुक्कामी पोचेपर्यंत ते अंगठा खिडकीच्या गार काचेला लावून बसले होते.

आम्ही रिक्षा करून दवाखान्यात पोचलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. दारातच साडू उभे. आंघोळ केलेले, कपडे बदललेले, झोपही झालेली. "या साडूभाऊ," ते म्हणाले. "विमान कसं होतं?" एवढंच. बाकीचं त्यांनी चेहऱ्यावर ठेवलं होतं.

बायको आत धावली. सासरे हिरवा अंगरखा घालून खाटेवर ताठ बसले होते. डोळ्यात सकाळपासून थेंब घालून घालून त्यांना सगळं धूसर दिसत होतं. बायकोने हात धरला तसा त्यांनी तिचा हात चाचपून पाहिला. "मोठी का? आलीस होय. मी म्हटलं होतं यांना, ती आल्याशिवाय जाणार नाही." आवाज शाळेच्या मैदानावरचाच होता, पण हात बायकोने सोडवून घ्यायचा म्हटलं असतं तरी सुटला नसता.

"आले ना मी, बाबा. आता डॉक्टर आले की झालं."

"डॉक्टर आले," परिचारिका दारातून म्हणाली.

मी मघाशी ठरवलेलं बोलायला घसा साफ केला आणि वळलो. दारात पांढरा शर्ट होता. अंगठ्याला रुमालाच्या जागी आता पट्टी होती.

घसा साफ केल्यावर काही न बोलणं फार अवघड असतं. मी खोकलो. दोन शर्टांच्या आत मला घाम फुटला. डॉक्टरांनी मला पाहिलं, माझ्या हातातली बॅग पाहिली, आणि नजर बॅगेवरच ठेवली.

"मास्तर," ते सासऱ्यांना म्हणाले, "तुम्हाला सकाळपासून ताटकळत ठेवलं, त्याबद्दल माफ करा. पण आज ऑपरेशन करता येणार नाही. प्रवासात अंगठ्याला लागलंय. सूज उतरेपर्यंत मी सुई धरू शकत नाही. पंधरा दिवसांनी करू."

"अरेरे! कसं लागलं?" साडूंनी विचारलं. ते त्यांनी विचारायला नको होतं.

बायकोने पदराने तोंड पुसलं. माझ्या हातातली बॅग मी हळूच पायामागे सरकवली. ती सरकताना फरशीवर लोखंडाचा आवाज झाला.

"बसमध्ये," डॉक्टर म्हणाले. "सामान पडलं एकाचं."

"कसले कसले लोक असतात!" साडू म्हणाले.

"असतात," डॉक्टर म्हणाले, आणि माझ्या बायकोकडे बघून मान लववून निघून गेले. त्या माणसाबद्दल मी पुढे कधीही वाईट बोललेलो नाही, आणि कोणाला बोलू दिलेलं नाही.

ऑपरेशन पंधरा दिवसांनी झालं आणि उत्तम झालं. त्या खेपेला आम्ही साडूंच्या गाडीने गेलो. हे दवाखान्याच्या जिन्यातच ठरलं, मला कोणी विचारलं नाही. घाटात इंजिनाबद्दलची माहिती मी पुन्हा ऐकली, मधूनमधून प्रश्नही विचारले. अंगठ्याचं खरं काय ते साडूंना अजून माहीत नाही. बायकोला माहीत आहे, आणि संसारात एखादा मुद्दा तिच्या विरुद्ध जायला लागला की ती नुसता स्वतःचा अंगठा चोळते.

पण त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट झाली. सगळे सासऱ्यांचे कपडे आणि औषधं आवरायला लागले. मेहुणी हळहळत होती, बायको माझ्याकडे पाठ करून उभी होती, साडू गाडी दाराशी आणायला गेले होते. मी एका कोपऱ्यात बॅग पायामागे धरून उभा होतो. सासऱ्यांनी हाताने मला जवळ बोलावलं. मी जवळ गेलो. त्यांनी माझी बाही पकडून मला खाली वाकवलं. आता बोलणी बसणार, अशी मनाची तयारी करून मी कान पुढे केला.

"मघाशी फरशीवर वाजलं ते तुमच्याच बॅगेतलं ना?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार!

"रात्रभर डोळा लागला नाही माझा," ते कुजबुजले. "डोळ्यात सुई म्हणजे काय चेष्टा आहे? पोरींना कसं सांगू? आयुष्यभर दुसऱ्यांना ताठ उभं केलं." त्यांच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदाच रंग आला होता. त्यांनी माझा हात धरून दाबला, तो दुखेपर्यंत. मग एकदा दाराकडे अंदाजाने पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला.

"जावईबापू, पुढच्या तारखेलाही तुम्ही विमानानंच या."